कातळशिल्पांसाठी व्हीआर घ्यावं का? एका शिक्षकांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यातल्या एका गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पं (जमिनीतल्या खडकावर कोरलेल्या प्राचीन आकृत्या) आहेत. शाळेची एक खोली रिकामी आहे आणि गावाच्या मुंबई मंडळानं थोडा निधी उभा केलाय. एका कंपनीनं दहा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग पाहायची उपकरणं), आदिमानवाच्या जगाची सफर घडवणारा ॲनिमेशनपट आणि मोबाइल ॲप असं पॅकेज देऊ केलंय. ते घ्यावं का, आणि त्यामुळे गावातली मुलं आणि बाहेरून येणारी माणसं कातळशिल्पांशी खरंच जोडली जातील का, असं शाळेच्या शिक्षकांनी विचारलं आहे.

सर, पॅकेज आहे तसं घेऊ नका. पण तंत्रज्ञानच नको, असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट, तंत्रज्ञानाची खरी गरज असलेला वारसा कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव पहिलं घेईन. रायगडावर गेलं की बाजारपेठेची जोती समोर उभी असतात. अजिंठ्यात पद्मपाणी भिंतीवर असतो, आपण त्याच्या नजरेला नजर देऊ शकतो. कातळशिल्प पायाखाली आडवं पडलेलं असतं. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्या एका आकृतीच्या आत इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. जमिनीपासून पाच फुटांवर डोळे असलेल्या माणसाला तो एका नजरेत मावतच नाही. मी तिथे कितीतरी पर्यटकांना हत्तीच्या पोटाशी उभं राहून ‘हत्ती कुठे आहे?’ असं विचारताना पाहिलंय.

ही झाली पहिली अडचण, उंचीची. दुसरी उजेडाची. रेषा जेमतेम काही सेंटिमीटर खोल असतात. सकाळी सातला ऊन तिरकं असतं तेव्हा प्रत्येक खाचेत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. बारा वाजता सूर्य डोक्यावर आला की सावली जाते आणि तीच आकृती काळ्या जांभ्यात विरघळते. मुंबई-पुण्याहून निघालेली गाडी नेमकी अकरा ते तीनच्या मधे सड्यावर पोचते. ही माणसं दगड पाहून परत जातात, शिल्प पाहून नाही.

म्हणजे सड्यावर उभ्या असलेल्या डोळ्यांना दोन गोष्टी कमी पडतात, उंची आणि तिरका उजेड. तुमच्या निधीतून या दोन गोष्टी विकत घ्या. त्यापलीकडचं जे काही कुणी विकायला आणेल, त्याला ‘यानं सड्यावरचा दगड जास्त दिसेल का?’ एवढं विचारा. ॲनिमेशनपट बघून मूल खूश होईल यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी ते सड्यावर गेलं आणि त्याला तिथे काहीच दिसलं नाही, तर आपण त्याला कातळशिल्पाशी जोडलं नाही, पडद्याशी जोडलं.

उजेडापासून सुरुवात करा, कारण तो जवळजवळ फुकट आहे. अंधार पडल्यावर दहा-बारा मुलांना सड्यावर न्या. बरोबर मोठी माणसं हवीत, सगळ्यांच्या पायात बूट हवेत, कारण विंचू-काटा असतो. शिल्पाच्या कडेला सगळ्यांना बसवा आणि बॅटऱ्या बंद करायला सांगा. मग एक बॅटरी जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवी धरून लावा. दगडाचा प्रत्येक कंगोरा लांब सावली टाकतो आणि आधी सपाट वाटणाऱ्या कातळातून एक पाय वर येतो, मग पोटाची रेषा, मग शेपटी. बॅटरी हळूहळू कडेकडेनं फिरवली की काही रेषा मिटतात, दुसऱ्या उमटतात. मुलं आपोआप कुजबुजायला लागतात. कुठल्याही हेडसेटमध्ये मी याहून प्रभावी काही पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी हेडसेटवर आयुष्याची वर्षं घातली अशांपैकी मी एक आहे.

हाच अनुभव रोज, भर दुपारी, पावसाळ्यातसुद्धा आणि ज्यांना सड्यापर्यंत चालवत नाही अशा आजी-आजोबांनाही देता यावा म्हणून संगणक हवा. त्यासाठी शिल्पाचं त्रिमितीय मोजमाप करावं लागतं. फोटोग्रामेट्रीत शेकडो फोटो असे काढायचे की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ७० ते ८० टक्के भाग पुन्हा यावा. त्यावरून सॉफ्टवेअर पृष्ठभागाचा चढउतार उभा करतं. मग रंग काढून टाकून नुसता चढउतार पडद्यावर घ्यायचा आणि त्यावर खोटा सूर्य सोडायचा. बोटानं सूर्य सरकवला की सावल्या सरकतात. पाहणारा स्वतः शोधतो की कुठल्या कोनात शेपटी दिसते आणि कुठल्या कोनात सोंड. हे शोधणं फार महत्त्वाचं आहे. दाखवलेली गोष्ट माणूस विसरतो, स्वतः हुडकलेली तो दुसऱ्याला सांगत सुटतो.

एका किनारपट्टीच्या गावात आम्ही हा सरकता सूर्य देवळाच्या सभामंडपात पडद्यावर लावला होता. एका आकृतीपुढे आमच्या यादीत प्रश्नचिन्ह होतं. पसरट अंग, मागे लांब बारीक शेपूट. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी सूर्य थोडा खाली आणायला सांगितला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, ही पाकट आहे. मग पंखांची कड कशी वळते आणि शेपटीचा काटा कुठे असतो, ते त्यांनी हातानं दाखवलं. आम्ही ते त्यांच्या शब्दांत नोंदवून घेतलं. अभ्यासकांनी ते मान्य करावं की नाही हा पुढचा प्रश्न. पण त्या संध्याकाळनंतर त्या गावात ते शिल्प ‘आमची पाकट’ झालं. असं नातं सूर्य मावशींच्या हाती होता म्हणून जुळलं. तयार फिल्म लावली असती तर त्या गप्प बसून बघून गेल्या असत्या.

मोजणीबद्दल थोडं तपशिलात सांगतो, कारण इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं. डोळ्यांनी पाहायला तिरकं ऊन हवं, पण फोटोग्रामेट्रीला उलट सपाट, सावलीविरहित उजेड हवा. ढगाळ दिवस किंवा सूर्योदयाच्या जरा आधीची वेळ उत्तम. सावल्या संगणकात नंतर हव्या तशा पाडता येतात, मूळ फोटोत पक्क्या बसलेल्या मात्र काढता येत नाहीत. दिवाळीनंतर गवत वाळलं की हातानं उपटा, मऊ केरसुणीनं माती झाडा. तारेचा ब्रश, पाण्याचा फवारा, ॲसिड यांतलं काहीही नको. दगडफूल खरवडू नका, त्याबरोबर दगडाचा थर निघतो. खडूनं किंवा रंगानं रेषा भरणं तर पूर्ण बंद ठेवा. फोटो छान येतो म्हणून कितीतरी ठिकाणी लोकांनी ते केलंय, आणि भरणाऱ्याला रेषा जशी वाटली तशीच ती पुढच्या प्रत्येकाला दिसत राहते. मोजपट्ट्या निदान तीन ठिकाणी ठेवा, नाहीतर मॉडेल सुंदर होईल आणि हत्ती किती मोठा ते त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

ड्रोन वापरणार असाल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात तुमचा सडा कुठल्या क्षेत्रात येतो ते पाहा. रत्नागिरी विमानतळाच्या आसपास निर्बंध लागतात. स्थळ राज्य संरक्षित असेल तर पुरातत्त्व संचालनालयाची लेखी परवानगी लागते, आणि ती स्थळ संरक्षित नसलं तरी मागावी असं माझं मत आहे, कारण त्या पत्रामुळे तुमच्या कामाची नोंद त्यांच्याकडे होते. जमीन बहुधा खाजगी मालकीची असते, सातबाऱ्यावर अनेक नावं असतात. त्या सगळ्यांना आधी विचारा. ड्रोन जमलाच नाही तर लांब काठीला कॅमेरा बांधून, मोबाइलवरून शटर दाबत, ओळीनं चालत फोटो काढता येतात. मध्यम आकाराच्या शिल्पाला ते पुरतं. कंपनीवाले ‘गॉसियन स्प्लॅटिंग’ नावाचं नवं तंत्र दाखवतील. दिसायला ते फार देखणं असतं, फिरून बघायला मजा येते, पण खाचेची खोली मोजायची असेल तर जुन्या पद्धतीचं जाळीचं मॉडेलच मागा.

आता उंची. इथे व्हीआरला खरंच जागा आहे. हेडसेट लावायचा, आधी त्यात दिसणाऱ्या सड्यावर उभं राहायचं आणि काहीच कळत नाही हे अनुभवायचं. मग पडदा काळा होऊन उजळतो आणि आपण चार माणसांच्या उंचीवर असतो, मग आणखी वर. हत्ती पूर्ण दिसतो. बस, एवढंच. पण माणसाला उडवत नेऊ नका. शरीर स्थिर आणि डोळ्यांपुढे हालचाल असली की पोटात ढवळतं, मोठ्या माणसांना जास्त. म्हणून एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर काळ्या पडद्यातून जायचं आणि प्रत्येक ठिकाणी स्थिर राहायचं. बसायला फिरतं स्टूल द्या. पाच मिनिटांच्या वर काही ठेवू नका.

पण आधी हा हिशोब करा. पाच मिनिटं पाहणं, तीन मिनिटं हेडसेट चढवणं, नीट बसवणं, उतरवणं, पुसणं. माणशी आठ मिनिटं. चाळीस मुलांचा वर्ग एका हेडसेटवर घेतला तर ३२० मिनिटं, म्हणजे पाच तासांहून जास्त. दहा हेडसेट असले तर अर्धा-पाऊण तास, पण मग दहा जणांकडे लक्ष द्यायला निदान तीन जाणती माणसं लागतात, दहा बॅटऱ्या चार्ज लागतात, दहांपैकी दोन कायम दुरुस्तीला असतात. शिवाय लहान मुलांचा प्रश्न आहे. मेटाच्या हेडसेटसाठी कंपनीची स्वतःची किमान वयोमर्यादा १० वर्षं आहे, तीही पालकांच्या देखरेखीखाली. म्हणजे तुमच्या शाळेतली पहिली ते चौथीची बरीच मुलं बाहेरच राहणार. काही गोष्टी कंपनीच्या माहितीपत्रकात कधीच नसतात. अंबाडा आणि गजरा असला की मागचा पट्टा बसत नाही. टिकली आणि कुंकू आतल्या फोमला लागतं. चष्मा असेल तर वेगळी चौकट लागते. कित्येक बायकांना अनोळखी तरुणानं डोक्याला हात लावून पट्टा आवळलेला आवडत नाही आणि तसं त्या बोलून दाखवत नाहीत, नुसत्या ‘नको, तुम्ही बघा’ म्हणतात. त्यामुळे गावातली एखादी मुलगी किंवा बचतगटातल्या ताई हे काम शिकलेल्या हव्यात. फोमवर धुता येणारी आवरणं हवीत, आणि दोन संच हवेत, एक धुतला जाईपर्यंत दुसरा. माझा सल्ला दोन हेडसेटचा आहे. ज्यांना सड्यावर येता येत नाही आणि ज्यांना खरंच हवंय त्यांच्यासाठी.

बाकी सगळ्यांसाठी उंची दाखवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे खऱ्या मापाचं कापड. मॉडेलवरून वरून दिसणारं चित्र तयार होतं, ते एकास एक मापात, जाड सुती कापडाच्या पट्ट्यांवर छापून घ्या आणि शाळेच्या मैदानावर अंथरा. मुलं त्याच्या बाजूला आडवी पडतात, हत्तीच्या पायात आपण किती जण मावतो ते मोजतात, गच्चीवरून खाली बघतात. ओल्या दिवसांत खोलीत प्रोजेक्टर छताला लावून लहान आकृत्या जमिनीवर पाडा. उजेडाची दिशा बदलणारी कळ एखाद्या मुलाच्या हाती द्या. एका वेळी तीस जण एकत्र बघतात आणि बघता बघता एकमेकांशी बोलतात. हेडसेटमध्ये माणूस एकटा असतो, आणि आपल्याकडे वारसा एकट्यानं कुणी बघत नाही. देवळात, जत्रेत, गडावर आपण घोळक्यानंच जातो.

गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला कातळावर चक्रव्यूहासारखी गोल गोल फिरत जाणारी एक आकृती आहे, जवळच बैल, मोर, माणसं. ती आकृती जमिनीवर पाडून मुलांना तिच्या रेषेवरून चालायला लावा, मग ती त्यांच्या पायांत बसते. सड्यावर मूळ आकृतीवर चालणं निषिद्ध असलं पाहिजे. प्रकाशावर चाललं तर दगडाचं काही जात नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी प्रोजेक्टरचा पैसा योग्य मानतो.

मोबाइल ॲपचा बेत सोडून द्या, निदान पहिली दोन वर्षं. मोबाइल दगडासमोर धरला की स्क्रीनवर रेषा उजळतात ही कल्पना बैठकीत फार चांगली वाटते. एप्रिलच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही, फोन तापून बंद पडतो, जीपीएस तीन-चार मीटरनं चुकतं आणि जांभ्याचा पोत सगळीकडे सारखाच असल्यामुळे कॅमेऱ्याला जागा ओळखता येत नाही. बऱ्याच सड्यांवर रेंजही नसते. त्याऐवजी शिल्पाच्या बाहेर, ते जिथून सर्वांत चांगलं दिसतं तिथे, कंबरेच्या उंचीचा एक कलता फलक लावा. त्यावर त्याच जागेवरून दिसणारं दृश्य आणि त्यात आकृतीची रेषा. माणूस फलक बघतो, मान वर करतो, दगड बघतो, पुन्हा फलक. समोरच्या दृश्यावर स्क्रीनमधून रेषा चढवणारी ऑगमेंटेड रिॲलिटी हेच करते, फक्त इथे बॅटरी लागत नाही. क्यूआर कोड लावायचाच असेल तर तो एसटी थांब्यावर किंवा शाळेत लावा, जिथे नेट चालतं, म्हणजे लोक आवाजाची फाइल उतरवून घेऊन सड्यावर जातील.

ॲनिमेशनपटाकडे मी मुद्दाम शेवटी वळतोय, कारण मंडळाला तोच सर्वांत जास्त आवडला असणार. कातळशिल्पं अश्मयुगातली असावीत असं अभ्यासक मानतात, पण त्यांचा नेमका काळ अजून पक्का ठरलेला नाही. कुणी कोरली, कशासाठी कोरली, तेही नाही. अशा वेळी कातडी नेसलेला माणूस छिन्नी घेऊन हत्ती कोरतोय, मागे ढोल वाजतोय, शेकोटी पेटलीय असं दाखवलं की तेच सत्य होऊन बसतं. मुलं पुढे आयुष्यभर तेच चित्र बाळगतात. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस कोरलेला आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर तसंच दृश्य आढळतं म्हणून ‘हे सिंधू संस्कृतीचेच लोक’ असं ठोकून देणारा निवेदनाचा मसुदा मी वाचलेला आहे. साम्य आहे हे सांगा, ते का असेल याचे तर्क सांगा, आणि तिथेच थांबा. मुलांना तर्क करायला फार आवडतं, त्यांचा तो आनंद आपण उत्तर देऊन का हिरावायचा?

संगणकानं वारसा उभा करण्याबद्दल लंडन चार्टर नावाची एक मार्गदर्शक तत्त्वांची संहिता आहे, तिची आजची आवृत्ती २००९ ची. तिचा गाभा असा की, जे दाखवलं त्यातलं काय पुराव्यावर आहे आणि काय अनुमान आहे, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे आणि त्यामागची कारणं नोंदलेली असली पाहिजेत. आम्ही हे साध्या पद्धतीनं पाळतो. मोजून घेतलेला दगड पूर्ण पोतासकट दाखवायचा. रेषा झिजलीय पण जाणकारांना तिचा मार्ग दिसतो, तिथे तुटक रेघ. निव्वळ कल्पना असेल तर ती पेन्सिलीच्या कच्च्या चित्रासारखी, रंग न भरता, आणि शक्यतो दोन पर्याय शेजारी शेजारी. काही ठिकाणी गेंडा ओळखला गेला आहे. आज कोकणात गेंडा नाही. तो इथे फिरत होता का, की कोरणाऱ्यानं दुसरीकडे पाहिला? हा प्रश्न पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि उत्तराची जागा मोकळी ठेवा. एखादं मूल त्या मोकळ्या जागेसाठी पुढे पुरातत्त्व शिकेल, असं मला मनापासून वाटतं.

आवाजावर मात्र हात आखडता घेऊ नका. चित्रापेक्षा आवाज स्वस्त आणि आत शिरणारा. पण मुंबईच्या स्टुडिओतला भारदस्त निवेदक नको. सड्यावर गुरं चारलेले म्हातारे, त्या वाटेनं पाणी आणलेल्या बायका, चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्याचे चिरे काढतात त्या खाणीवर, काम केलेली माणसं यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. सड्यावरच्या प्रत्येक खळग्याला, झाडाला, वाटेला नाव असतं आणि ते कागदावर कुठेच नसतं. कुणी शिल्पांना पांडवांची चित्रं म्हणतं, कुणी देवाचं काम म्हणतं; तेही नोंदवा, पुसू नका. देवीहसोळला शिल्प आर्यादुर्गेच्या मंदिराजवळ आहे. तिथे अभ्यासक आणि भाविक दोघंही त्याच जागेकडे आपापल्या कारणानं बघतात, आणि दोघांनाही जागा देणारी मांडणीच गावात टिकते. देवाचे गोठणे इथे शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते. तिथे मुलाच्या हाती होकायंत्र दिलं की दुसरं कुठलंही उपकरण लागत नाही.

दोन उदाहरणं तुमच्या मंडळासमोर ठेवा, ती उपयोगी पडतील. चीनमध्ये दुनह्वांगला मोगाओ लेण्यांपासून बऱ्याच अंतरावर २०१४ साली डिजिटल केंद्र सुरू झालं. पर्यटक आधी तिथे सुमारे वीस-वीस मिनिटांचे दोन चित्रपट बघतात, त्यातला एक घुमटाच्या आतल्या बाजूवर. मग बस त्यांना लेण्यांकडे नेते आणि तिथे मोजक्याच लेण्या, ठरावीक वेळ बघता येतात. भित्तिचित्रांना माणसांच्या श्वासाची वाफ आणि गर्दी सोसत नाही म्हणून ही सोय. त्यातला क्रम लक्षात घ्या. तंत्रज्ञान आधी, खरं लेणं नंतर. डोळे तयार करून माणसाला आत सोडायचं. तुमच्या गावातही तसंच व्हायला हवं. शाळेतली खोली आधी, सडा नंतर, आणि सड्यावर शक्यतो सकाळी लवकर किंवा चारनंतर. हे वेळापत्रक दारावरच लिहा.

दुसरं उदाहरण घरचं. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या अर्थसाहाय्यानं मोठं पर्यटक केंद्र बांधलं गेलं, त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या गेल्या. कल्पना अगदी योग्य होती. फ्रान्सनं आदिमानवाची चित्रं असलेली लास्कोची गुहा १९६३ साली पर्यटकांना बंद केली आणि वीस वर्षांनी शेजारीच तिची प्रतिकृती उघडली, त्याच धर्तीची. पण आपल्याकडचं केंद्र वीज-पाण्याच्या थकबाकीपायी बंद पडलं. म्हणून तुमचं अंदाजपत्रक माझ्याकडे आलं तर मी पहिल्यांदा तिसऱ्या वर्षाचं पान उघडेन. वीजबिल कोण भरणार, प्रोजेक्टरचा दिवा गेला तर पैसे कुठून, किल्ली कुणाकडे, रविवारी खोली कोण उघडणार. निधीतला निदान तिसरा हिस्सा या पानासाठी बाजूला काढून मुदत ठेवीत ठेवा. गावातल्या एका व्यक्तीला मानधन द्या. ती व्यक्ती खोलीतलं सर्वांत मोलाचं तंत्रज्ञान आहे, असं मी समजतो.

पैशाबरोबर मालकीचंही लिहून घ्या. मूळ फोटो, त्रिमितीय मॉडेल आणि ध्वनिमुद्रणं ही सगळी मूळ आकारात, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा फाइलींत तुमच्या हाती यायला हवीत. करारात हे नसेल तर कंपनी बंद पडली किंवा तिनं ॲप काढून टाकलं की तुमच्या गावाचं शिल्पही गेलं. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक रत्नागिरीच्या एखाद्या महाविद्यालयात. उद्या सड्याच्या कडेला चिरेखाण सुरू झाली किंवा रस्ता आला, तर ही मोजणी पुरावा म्हणून उभी राहते. कोकणातली नऊ कातळशिल्प-स्थळं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली. पण त्या नवांपलीकडे कितीतरी सडे आहेत ज्यांची धड नोंदही नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या माणसांनी कातळशिल्पं शोधत सडे पायी तुडवले नसते तर आज हा प्रश्नच आपल्यापुढे नसता. तुमची शिल्पं त्यांच्या नोंदीत आहेत का, हे आधी विचारून घ्या.

आणि नेमकं ठिकाण इंटरनेटवर टाकू नका. ज्या शिल्पाला कुंपण नाही, राखणदार नाही, त्याचा नकाशातला बिंदू जाहीर करणं म्हणजे गाड्या थेट शिल्पावर आणणं. लोकांना शाळेपर्यंत या म्हणा, तिथून गावातलं माणूस बरोबर देऊ म्हणा. उक्षीला गावानं पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाला संरक्षण दिलं, बघायला जागा केली. तिथल्या मंडळींना एकदा भेटून या. माझ्या या सगळ्या उत्तरापेक्षा त्या एका भेटीत जास्त कळेल.

लोक जोडले गेले की नाही हे कसं ओळखायचं, असंही तुम्ही विचारलंत. वहीत किती सह्या झाल्या त्यावरून नाही. खोलीतून बाहेर पडलेल्या मुलाला कोरा कागद द्या आणि शिल्प आठवून काढायला सांगा. ॲनिमेशन बघितलेली मुलं माणूस आणि शेकोटी काढतात. सरकता सूर्य हाताळलेली मुलं रेषा काढतात, कुठे तुटली तेसुद्धा. महिन्याभरानं विचारा, कुणाला घेऊन सड्यावर गेला होतास? आत्याला, मामाच्या मुलाला, असं उत्तर आलं की तुमची खोली काम करतेय.

यंदा गणपतीत चाकरमानी गावी येतील तेव्हा सड्यावर गवत कमरेएवढं असेल, मोजणी शक्य नाही. तेव्हा फक्त आवाज गोळा करा. आरती झाल्यावर प्रत्येक घरात चार जुनी माणसं एकत्र बसलेली असतातच. मंडळाच्या बैठकीत वर सांगितलेला हिशोब मांडा. दिवाळीनंतर मोजणी, थंडीत मॉडेल आणि कापड, आणि पालखी घरोघर फिरते त्या शिमग्यात पहिला प्रयोग. शिमग्याला सगळं गाव घरी असतं आणि सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या ओट्यापाशी, रात्री जाग असतेच. मोजणीच्या वेळी कॅमेऱ्याबद्दल किंवा मोजपट्ट्यांबद्दल काही अडलं तर सड्याचे दोन-चार साधे फोटो आणि शिल्पाची ढोबळ मापं पाठवा, त्यावरून किती फोटो लागतील आणि कुठून सुरुवात करायची ते सांगेन.